डाव्या कडेचा चंद्र

५ सप्टेंबर, शुक्रवार

डायरी लिहायची मला सवय नाही. पण टूलरूममध्ये फिटर म्हणून बत्तीस वर्षं काढली, तिथे एक शिकलो. जॉबचा रेकॉर्ड नसला की चूक कुणाची ते सापडत नाही, आणि सगळे एकमेकांकडे बोटं दाखवत बसतात. म्हणून निवृत्तीच्या वर्षी कंपनीने दिलेली ही कोरी डायरी आज कपाटातून काढली. तारखा जुन्या आहेत, खोडून लिहितोय.

जॉब : दुर्बीण. आरसा सहा इंची, मंदाने घासलेला. मंदा म्हणजे माझी बायको. जन्मभर घरी बसून इमिटेशनच्या दागिन्यांत खडे बसवले तिने, आणि वयाच्या सत्तावन्नाव्या वर्षी कुणीतरी सांगितलं म्हणून दर रविवारी भाईंदर पश्चिमेला आरसा घासायच्या क्लासला जायला लागली. आठ महिने काचेवर काच घासली. मग त्यावर ॲल्युमिनियमचं कोटिंग झालं, सर्टिफिकेट मिळालं, ते हॉलमध्ये टांगलं. बाकीची अख्खी दुर्बीण मी केली. नळी, स्टँड, तळाला आरशाची बैठक, तोंडाशी छोटा तिरका आरसा धरायची पट्टी, आणि फोकसर. फोकसर म्हणजे नळीच्या कुशीत भोक पाडून बसवतात तो भाग. त्यात आयपीस घालायचं, आतबाहेर करून चित्र जमवायचं आणि डोळा लावायचा. बाजारात तयार मिळतो. मी नवघर रोडला ओळखीच्या गाळ्यात लेथवर स्वतः काढला, पितळेचा. हातात घेतला की खाली ठेवावासा वाटत नाही.

आणि सोसायटीत सगळे म्हणतात काय, तर 'मंदाताईंची दुर्बीण'. असो.

गणपती करून काल गावाहून आलो. आज संध्याकाळी ढग जरा फाटले म्हणून घाईघाईत गच्चीवर नेली आणि पहिल्यांदा चंद्र बघितला. उजवी बाजू अशी की खड्डे मोजावेत. डावी बाजू पुसट, चष्म्यावर चहाची वाफ बसते तशी. फोकस फिरवून डावी जमवली तर उजवी गेली. परत उजवी, परत डावी. अर्धा तास हाच खेळ, मग ढग आले.

मंदाने मधे डोळा लावला होता. बराच वेळ डोळा काढलाच नाही. मग म्हणाली, "अहो, किती जवळ आलाय."

"डावीकडे बघ."

"हो, डावीकडे जरा..."

"जरा काय जरा? आरशाची एक बाजू नीट घासली गेली नाहीये."

ती बाजूला झाली. खाली येताना स्टँड तिने उचलला नाही, मलाच दोन फेऱ्या माराव्या लागल्या.

७ सप्टेंबर, रविवार

आज पद्धतशीर तपासणी. फोकसरमध्ये जुळणी तपासायचा लेझर घातला. लाल ठिपका छोट्या आरशावरून तळाच्या आरशाच्या बरोबर मध्यावर, तिथून परत आल्या वाटेने लेझरच्या तोंडात. म्हणजे सगळं सरळ रेषेत आहे.

तरी खात्री असावी म्हणून फोकसर वेगळा तपासला. छोटा आरसा काढला आणि लेझर नळीतून आरपार समोरच्या भिंतीवर पाडला. फोकसर तिरका असेल तर ठिपका पुढे नाहीतर मागे पडणार, साधा हिशेब. नळीच्या तोंडापासून फोकसरच्या भोकाचा मध्य एकशे बेचाळीस मिलिमीटर. समोर ठिपकाही तोंडापासून एकशे बेचाळीस. अर्ध्या मिलिमीटरचा फरक नाही! बसवतानाच मी नळीच्या तोंडाला काटकोनाचा गुण्या लावून कोन घेतला होता. माझ्या हातचं काम आहे, शंका घ्यायचं कारणच नव्हतं.

म्हणजे उरला आरसा.

मंदा पोळ्या लाटता लाटता म्हणाली, "आरसा बैठकीत अर्धा फेरा फिरवून बघा की. आरशाचा दोष असला तर पुसट बाजूपण फिरेल. नसला तर आहे तिथेच राहील."

मी म्हटलं, "आरसा काय जातं आहे, फिरवत बसायला? तीन स्क्रू सोडा, परत जुळवा. लेझरने सांगितलंय ना एकदा."

"पाच मिनिटांचं काम आहे."

पाच मिनिटांचं म्हणे! आठ महिने क्लासला काय गेली, मला फिटिंग शिकवायला लागली.

१४ सप्टेंबर, रविवार

चंद्र आता उशिरा उगवतो आणि ढग तर हटतच नाहीत. म्हणून दिवसाच घोडबंदरच्या डोंगराकडचा मोबाइल टॉवर लावला. तोच ताप. टॉवरची उजवी शिडी स्वच्छ, डावी शिडी पुसट. नळी थोडी वळवून डावी शिडी उजवीकडे आणली तर ती स्वच्छ झाली आणि दुसरंच काहीतरी डावीकडे जाऊन पुसट झालं. डोकं फुटायची वेळ आली. आयपीस बदललं, चष्मा काढून बघितलं, चष्मा घालून बघितलं.

तेवढ्यात दुसऱ्या मजल्यावरच्या हंसाबेन टाकीतलं पाणी बघायला गच्चीवर आल्या. सोसायटीचे सगळे कार्यक्रम त्याच ठरवतात, कमिटी नुसती सही करते. म्हणाल्या, "लवूभाई, इस बार शरद पूनम को टेलिस्कोप रखेंगे, हां! दूध-पौंआ मेरा, मसाला दूध मंदाबेन का, और चांद आपका. मैंने ग्रुप पे डाल भी दिया."

डाल भी दिया! मला विचारलं नाही, काही नाही. तीन आठवडे राहिलेत कोजागिरीला. चौऱ्याऐंशी बिऱ्हाडं गच्चीवर येणार आणि अर्धा चंद्र बघून खाली जाणार. मी सांगून टाकलं, "हंसाबेन, मंदा के मिरर में प्रॉब्लेम है. देखता हूं, क्या होता है."

मंदा दोरीवरचे कपडे काढत तिथेच उभी होती. आज क्लासला गेली नाही, मनगट दुखतंय म्हणाली. एका अर्थी बरं झालं, किती महिन्यांनी रविवारी मटण वेळेवर झालं.

२३ सप्टेंबर, मंगळवार

मंदाने हॉलमधलं सर्टिफिकेट काढून ठेवलं. का, तर धूळ बसते म्हणे. खिळा तसाच राहिलाय. मी म्हटलं, एक तर खिळा काढ नाहीतर काहीतरी लाव, सोफ्यावर बसलं की नजर तिथेच जाते. तिने कॅलेंडर लावलं. ते वाकडं लागलंय.

२८ सप्टेंबर, रविवार

दिवसभर पाऊस धो धो. घरात बसून डोकं आणखी तापलं. शेवटी क्लासच्या सुचेता मॅडमना फोन लावला. कॉलेजात फिजिक्स शिकवून निवृत्त झाल्यात, आता बायाबाप्यांना आरसे घासायला शिकवतात. मी सगळं सांगितलं. त्या शांतपणे म्हणाल्या, "कोटिंगच्या आधी मी तो आरसा तपासला होता, मिस्टर शिगवण. चांगला होता. यंदाच्या बॅचमधला सगळ्यात चांगला. तुम्ही फोकसर काटकोनात आहे का ते बघितलंत?"

म्हणजे फोकसर! सगळं सोडून माझा फोकसर!

मी म्हटलं, "मॅडम, मी टूलरूमचा माणूस आहे. ठिपका मोजलाय. अर्ध्या मिलिमीटरचा फरक नाही."

"कशापासून मोजलात?"

"नळीच्या तोंडापासून."

"बरं," म्हणाल्या. मग म्हणाल्या, "मंदाताईंना द्या ना जरा." मी फोन दिला. मंदा बेडरूममध्ये जाऊन बोलली, दार लोटून. बाहेर आली तेव्हा डोळे लाल होते. एवढं काय बोलल्या विचारलं तर म्हणाली, "मी त्यांना म्हटलं, तपासताना तुम्ही माझ्यावर दया केलीत की काय. त्या रागावल्या."

आता यात रडण्यासारखं काय आहे? जॉब रिजेक्ट होतो, माणूस परत करतो. आमच्याकडे रोज व्हायचं.

१ ऑक्टोबर, बुधवार

खंडेनवमी. दरवर्षीप्रमाणे हत्यारं धुऊनपुसून पाटावर मांडली. व्हर्नियर, गुण्या, कानशी, पंच, दोन्ही पान्ह्यांचे सेट, यंदा लेझरही. झेंडूची माळ घातली. कंपनीतला नियम घरीही पाळतो. एकदा पूजेत बसली की दसरा होऊन दुसरी सकाळ उजाडेपर्यंत हत्यारांना हात लावायचा नाही. त्यांनाही वर्षातून दीड दिवस सुट्टी.

मंदाने स्वतःचा खडे बसवायचा चिमटा आणून माझ्या कानशीशेजारी ठेवला. मग म्हणाली, "आरसा ठेवू का हो इथे?"

मी म्हटलं, "आरसा कुठे हत्यार आहे? तो जॉब झाला. आणि तोही रिजेक्ट."

तिने हळदकुंकू वाहिलं, चिमट्यावर वाहायची विसरली.

लिहिताना वाटतंय, रिजेक्ट हा शब्द नको होता. पण खोटं काय बोललो?

२ ऑक्टोबर, गुरुवार

दसरा. सकाळी मंदाने आपट्याची पानं हातावर ठेवली, पाया पडली, सगळं रीतसर. तोंडाने मात्र जेवढ्यास तेवढं.

संध्याकाळी आकाश अगदी मोकळं. दहा दिवसांचा चंद्र वर. इतके दिवस ढग, आणि मोकळं झालं तेव्हा माझी हत्यारं पाटावर! स्क्रूसुद्धा सोडायची सोय नाही. पण दुर्बीण काही पूजेत नव्हती, म्हणून नुसती गच्चीवर नेली. ठरवलं की आज मंदाला तिच्या आरशाची वाईट बाजू नेमकी दाखवून द्यायची, म्हणजे परत घासताना तेवढीच घासता येईल. मिठाईच्या खोक्याचं झाकण अर्धगोल कापलं (स्वयंपाकघरातल्या कात्रीने, ती पूजेत नव्हती) आणि नळीचं तोंड अर्धं झाकलं. वाईट बाजू झाकली की डावीकडचा पुसट चंद्र जाईल, उजवा स्वच्छ तेवढा उरेल. सरळ आहे. लेथवर टूलचा कोपरा उडालेला असला की त्याच जागी ओरखडा येतो, तसं.

डोळा लावला. चंद्र अख्खा.

अख्खा! फक्त जरा मंद. आणि डावी कड होती तिथेच, तशीच पुसट. मला वाटलं, भलतीच बाजू झाकली. पुठ्ठा दुसरीकडे लावला. अख्खा चंद्र, डावी कड पुसट. वर लावला, खाली लावला. नंतर पुठ्ठ्याला मधे रुपयाएवढं भोक पाडून बघितलं तर त्यातूनही अख्खा चंद्रच दिसला.

खाली बसलो टाकीच्या कठड्यावर. म्हणजे आरशाचा प्रत्येक तुकडा अख्खा चंद्र दाखवतो. एक बाजू वाईट असती तर सगळाच चंद्र बिघडला असता, एकटी डावी कड नाही. हे सुचेता मॅडमना ऐकताक्षणीच कळलं असणार. मंदालाही निदान शंका आली असणार. अर्धा फेरा फिरवा म्हणाली होती ती काय उगाच?

मग चूक उरते कुठे? सुचेता मॅडमचं ते 'बरं' कानात वाजायला लागलं. कशापासून मोजलात.

मंदा वर आलीच नाही. मीही बोलावलं नाही.

३ ऑक्टोबर, शुक्रवार

सहा वाजता हत्यारं उचलली. पण पहिलं हत्यार वापरलं ते कालचा पेपर. पाइपला काटकोनात रेघ मारायची फिटरची जुनी पद्धत आहे. सरळ कडेचा कागद पाइपभोवती घट्ट गुंडाळायचा. कडेवर कड बरोबर बसली की ती रेघ काटकोनातच असते, चुकायला जागाच नाही. नळीच्या तोंडाशी पेपर गुंडाळला आणि बघितलं.

नळीचं तोंड तिरकं. एका बाजूला पेपरच्या पुढे पाच मिलिमीटर नळी जास्त.

पाइपवाल्याने हॅकसॉने कापून दिलेलं टोक, आणि मी ते तसंच धरून सगळी मापं त्याच्यावरून घेतली. गुण्या त्यालाच लावला, फोकसर त्यालाच समांतर बसवला, आणि तपासताना ठिपकाही त्याच्यापासूनच मोजला. मग येणारच एकशे बेचाळीस आणि एकशे बेचाळीस! मापं सगळी बरोबर, ज्याच्यावरून घेतली तेच वाकडं. लेझर जुळला होता कारण मी छोटा आरसा वाकवून वाकवून जुळवून घेतला होता. फोकसर दीड अंशाने झुकलेला, त्यात आयपीस झुकलेलं, म्हणून चित्राची एक कड जमली की दुसरी सुटते.

कापलेल्या टोकावर विश्वास ठेवायचा नाही, आधी ते सरळ करून घ्यायचं. बत्तीस वर्षांत ट्रेनीच्या प्रत्येक बॅचला मी हे पहिल्या दिवशी सांगितलं. टोक न तपासता माप घेणाऱ्याला मी काय काय बोललोय ते इथे लिहिण्यासारखं नाही. आणि माझ्या घरची दुर्बीण! पण त्या वेळी मंदाचा आरसा कोटिंग होऊन आलेला, रोज विचारायची, "नळी कधी होणार?" माझ्या आधी तिचं काम झालं होतं. म्हणून घाई केली.

मंदा बाजारात गेली तेवढ्यात काम उरकलं. पेपरच्या कडेवरून नळीवर नवी रेघ मारली, समोरचा खरा बिंदू काढला, छोटा आरसा उतरवला, लेझर पाडला. ठिपका पाच मिलिमीटर बाहेर. फोकसरच्या बैठकीखाली एका बाजूला पितळेच्या पट्ट्या कापून सारत गेलो, ठिपका बिंदूवर येईपर्यंत. मग छोटा आरसा परत बसवून सगळं नव्याने जुळवलं. संध्याकाळी चंद्र लावला. डावी कड, उजवी कड, वर, खाली, सगळीकडे एकसारखा. कडेचे डोंगर दातांसारखे उभे. काय आरसा घासलाय बाईने! माझ्याच तोंडून च्यायला निघून गेलं.

मंदाला हाक मारली. तिने बघितलं, खूप वेळ बघितलं. "डावीकडचं गेलं," म्हणाली. "कसं काय?"

मी म्हटलं, "ॲडजस्ट केलं."

हे खोटं नाही.

४ ऑक्टोबर, शनिवार

खाली पार्किंगमध्ये कोजागिरीची मीटिंग. दुधाचं, चटयांचं, लाइट कधी घालवायचे ते ठरलं. हंसाबेनने सगळ्यांसमोर टाळी वाजवली. "एक गुड न्यूज! मंदाबेन का मिरर खराब हो गया था ने, तो लवूभाई ने रिपेर कर दिया. मैंने कल छत पे देखा, एकदम फर्स्ट क्लास! बत्तीस साल का अनुभव है भाई." दहा-पंधरा लोकांनी टाळ्या वाजवल्या. कुणीतरी माझ्या पाठीवर थापही मारली.

तेव्हाच सांगायला पाहिजे होतं. समोर पाण्याचा जग होता, मी पाणी ओतून घेतलं. ग्लास संपेपर्यंत विषय चटयांवर गेला होता.

मंदा कडेच्या खुर्चीत बसली होती. मीटिंग संपायच्या आधीच उठली. सुचेता मॅडमकडे जाऊन येते म्हणाली, काम आहे. तासाभराने एक बाटली घेऊन आली, कागदात गुंडाळलेली. कसली विचारलं नाही. आज काही विचारायची हिंमत होत नव्हती. कोजागिरी झाली की शांतपणे सांगेन.

५ ऑक्टोबर, रविवार

घाण झाली. नीट क्रमाने लिहितो.

सकाळी मी चारोळी, केशर आणि जायफळ आणायला भाईंदर पश्चिमेला गेलो. दोन दुकानं फिरलो, एके ठिकाणी गुजरातीत घासाघीस केली, मजेत होतो. घरी आलो तर बाल्कनीत मंदा रबरी हातमोजे घालून पाटावर बसलेली. पुढ्यात निळा टब, टबात तपकिरी पाणी. आणि शेजारी टॉवेलवर आरसा.

आरसा नव्हता तो. नुसती काच होती. काल त्यात माझं तोंड दिसत होतं, आज खालच्या टॉवेलची फुलं अंधुक दिसत होती. कालच्या बाटलीतल्या रसायनाने सगळं कोटिंग तिने उतरवलं होतं.

"हे काय केलंस?"

ती आरशाकडेच बघत म्हणाली, "तुम्ही ॲडजस्ट करून झाकून नेलंत. पण आरसा वाईट तो वाईटच ना. वाईट आरसा लोकांना दाखवायचा आणि तुम्ही तो सुधारला म्हणून टाळ्या ऐकायच्या, हे माझ्याच्याने होणार नाही. बाटली कशाला ते मॅडमना सांगितलं नाही. मी परत घासेन. मनगट दुखेल तर दुखेल. सहा महिने लागतील."

"मंदा," म्हटलं, "आरसा चांगला होता."

तिने वर बघितलं.

मग सगळं सांगितलं. पुठ्ठा, पेपर, पाच मिलिमीटर, पितळेच्या पट्ट्या. केशराची डबी हातातच होती, ती ठेवायचंही सुचलं नाही.

"कधी कळलं?"

"गुरुवारी संध्याकाळी संशय आला. शुक्रवारी सकाळी नक्की."

"आज रविवार आहे."

मी डबी या हातातून त्या हातात घेतली.

"काल हंसाबेन बोलत होत्या," ती म्हणाली, "तेव्हा तुम्ही पाणी पीत होतात."

हातमोजे काढून टबाच्या कडेवर ठेवले तिने, एकावर एक. आत गेली. डाळभात झाला, दोन ताटं वाढली, समोरासमोर बसून जेवलो. आदळआपट केली असती तर बरं वाटलं असतं. बत्तीस वर्षं दुसऱ्यांच्या चुका शोधायचा पगार घेतला, आणि स्वतःची सापडली तर पट्ट्या सारून बुजवली. लाज वाटते.

६ ऑक्टोबर, सोमवार

सकाळी म्हटलं, हंसाबेनना सांगून टेलिस्कोप रद्द करतो. नवीन कोटिंगला निदान महिना जाणार.

मंदा दूध आटवत होती. माझ्याकडे न बघता म्हणाली, "आरसा बसवा."

"अगं, कोटिंगच नाही त्याला."

"चंद्राला कोटिंग कशाला लागतं? क्लासमध्ये पहिला चंद्र आम्ही नुसत्या काचेतच बघितला होता. काच थोडा तरी उजेड परतवतेच. आणि पुनवेचा तर एवढा लख्ख असतो की भरल्या आरशात डोळ्याला टोचतो. बसवा तुम्ही."

बसवला. तिने वर सांगितलं की आता अर्धा फेरा फिरवूनच बसवा. फिरवून बसवला.

साडेसातला गच्ची भरली. हंसाबेन दूध-पोह्यांचं पातेलं घेऊन हजर. लाइट घालवले, रांग लागली, आणि हंसाबेनने सुरू केलं, "तो लवूभाई ने जो मिरर रिपेर किया..."

मी म्हटलं, "हंसाबेन, एक मिनिट." पाण्याचा जग आजही जवळच होता, पण पाणी घेतलं नाही. "मिरर खराब नहीं था. मंदा का मिरर पहले दिन से बढिया था. मेरा फोकसर टेढा था. नली का मुंह टेढा कटा हुआ था, मैंने चेक नहीं किया, और एक महिना उसको दोष दिया. शुक्रवार को मालूम पडा, फिर भी शनिवार को आप लोगों के सामने चुप बैठा. इसलिए उसने मिरर का कोटिंग निकाल डाला. आज जो चांद दिखेगा, वो खाली कांच में दिखेगा."

रांग जागच्या जागी थांबली. मग पाचव्या मजल्यावरचा स्वप्नील मागून ओरडला, "काका, मग बत्तीस वर्षं केलंत काय?" सगळे हसले. मीही हसलो, दुसरं काय करणार. मंदा हसली नाही. ती पुढे आली, आयपीसला डोळा लावला, फोकस एकदा इकडे एकदा तिकडे केला.

मग हंसाबेन बघायला वाकल्या आणि किंचाळल्याच, "अरे बाप रे! कांच में?" रांग सरकायला लागली. प्रत्येक जण डोळा लावून काहीतरी बोलत होता, आणि बोलून झालं की माझ्याकडे नाही, मंदाकडे बघत होता.

सगळ्यात शेवटी मी. उजेड मऊ होता, चांदीच्या जुन्या ताटासारखा, डोळे दिपत नव्हते. डावी कड बघितली. स्वच्छ. आरसा अर्धा फेरा फिरलेला, तरी सगळीकडे एकसारखी.

"दिसली?" मंदाने मागून विचारलं.

"दिसली."

"मग सरका. हंसाबेनना परत बघायचंय."

७ ऑक्टोबर, मंगळवार

आरसा कापसात बांधून ठेवलाय, कोटिंगला जाईल. नळीचं तोंड कानशीने घासून सरळ केलं, पेपर गुंडाळून तीनदा तपासलं. सर्टिफिकेट परत लावू का विचारलं तर मंदा म्हणाली, कोटिंग होऊन येऊ दे. कॅलेंडर मात्र मी सरळ केलं.

दुपारी तांदूळ निवडता निवडता तिने विचारलं, "पहिल्याच रविवारी म्हटलं होतं, अर्धा फेरा फिरवून बघा. पाच मिनिटांचं काम. का नाही फिरवलात?"

मी म्हटलं, "राहून गेलं."

ती माझ्याकडे बघत राहिली, मग परत तांदळात बघायला लागली.

राहून गेलं नव्हतं. रेकॉर्डसाठी ही डायरी काढली, तर खरं लिहिलं पाहिजे. फिरवला असता आणि आरसा चांगला निघाला असता, तर तिचं काम चांगलं आणि माझं वाईट असं झालं असतं. ते मला बघायचं नव्हतं. म्हणून फिरवला नाही. एवढंच कारण आहे, दुसरं कुठलं नाही.

हे तोंडाने सांगायला मला जमत नाहीये. म्हणून डायरी इथे टेबलावर उघडीच ठेवतोय, वर तिचा चष्मा ठेवून, आणि दळण आणायला जातोय.